होणाऱ्या तीनशे बारा आज्या

आधीच सांगून टाकतो, मी कुणाच्याही लेकीसुनेला दिवस गेल्याची अफवा पसरवलेली नाही. मी फक्त एक यादी केली. आमच्या मार्गिलान शहरात यादी करणं हा गुन्हा असेल, तर तसा फलक मोहल्ला समितीने चौकात लावायला हवा होता. एकतीस वर्षं मी शाळेत रेखाटन शिकवलं. सरळ रेष सरळ काढणं आणि नावापुढे नंबर नीट लिहिणं यापलीकडे मला काही येत नाही, हे माझी बायको हनिफासुद्धा मान्य करते. ती हे कौतुकाने म्हणत नाही, ही गोष्ट वेगळी.

हनिफा पाळण्याचा सरंजाम शिवते. म्हणजे बाळाचं ओलं खाली जावं म्हणून मधोमध भोक ठेवलेली गादी, बाळाला बांधायचे पट्टे, उशी, वरून टाकायच्या सात चादरी. आजवर ती बाजारातल्या व्यापाऱ्यांना माल द्यायची आणि ते त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून विकायचे. तीस वर्षं हेच चाललं होतं. त्या वसंतात ताश्कंदच्या एका ऑनलाइन दुकानाने कळवलं, की माल तुमच्याच नावाने विकू, पण तुमच्या मागे स्वतःची गिऱ्हाइकं आहेत हे आधी दाखवा. मोबाइलवर तुमचा गट हवा आणि त्यात पाचशे बायका हव्यात. मुदत पंधरवड्याची, शेवटच्या शनिवारी दुपारी बारापर्यंत. हनिफाने तो निरोप तीनदा वाचला, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचला. मग "हनिफाचे पाळणे" असं स्वतःशीच पुटपुटली आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं. ते बघून मला राहवेना, आणि मला राहवेना झालं की मी काहीतरी जाहीर करून बसतो.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "पाचशे बायका मी आणतो."

"नोदिराच्या बाबा," ती म्हणाली (नोदिरा आमची मुलगी, बुखाऱ्याला दिलेली), "हे वाक्य घराबाहेर कुठे बोलू नका."

पहिल्या तीन दिवसांत चौदा बायका जमल्या. त्यातल्या सहा हनिफाच्या बहिणी. चहाखान्यात शोकिर न्हाव्याने माझी दाढी अर्ध्यावर ठेवून सल्ला दिला, "मास्तर, एक मेंढा सोडतीत ठेवा. मेंढा म्हटलं की पुरुषसुद्धा पाळणे घेतील." त्याचं म्हणणं मी झिडकारलं. मला शास्त्रशुद्ध मार्ग हवा होता. तो मोबाइलवर फुकट मिळत होता. एक गोरागोमटा तरुण 'सात दिवसांत निष्ठावंत ग्राहक' शिकवायचा. कोट छान असायचा त्याचा. तो म्हणायचा, अनोळखी माणसाच्या मागे लागू नका. ज्याला तुमची वस्तू लागणारच आहे, त्याला शोधा. त्याला स्वतःला कळायच्या आधी तुम्हाला कळलं पाहिजे, की त्याला काय हवंय.

हे वाक्य ऐकलं आणि मी ताडकन उठून कपाटापाशी गेलो.

माझं अक्षर चांगलं आहे. त्यामुळे आमच्या आणि आसपासच्या मोहल्ल्यांतल्या लग्नांच्या आमंत्रणांवर नावं घालायचं काम पंधरा वर्षं माझ्याकडे आहे. प्रत्येक लग्नाची मी वहीत नोंद ठेवतो. तारीख, मुलीची आई, मुलाची आई, दोघींचे नंबर. पाळणा कोण आणतं? मुलीची आई. कधी? लग्नानंतर साधारण वर्षभरात. म्हणजे मार्गिलानमध्ये कुणाला पाळणा लागणार आहे हे त्या वह्यांत माझ्याच हस्ताक्षरात लिहिलेलं होतं! नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची लग्नं काढली. पहिलं मूल झालेली गाळली, जी मला माहीत होती ती. उरल्या तीनशे बारा मुलींच्या आया.

हनिफा त्या दिवशी कापड आणायला बाजारात गेली होती. ती घरी असती तर ही कथा इथेच संपली असती.

मी गटाला नाव दिलं, 'आजी होताय? पाळणा आमचा!' आणि दुपारच्या चहापर्यंत तीनशे बारा बायकांना एकेक करून आत घेतलं. त्या कोटवाल्या तरुणाने पहिला निरोप कसा असावा हेही शिकवलं होतं, तो मी जसाच्या तसा टाकला: 'प्रिय भगिनी, आपली गरज आम्ही ओळखली आहे.'

आता ज्यांना मोबाइलमधलं कळतं त्यांना माझी चूक लगेच दिसेल. वाहिनी काढली तर कोण कोण वाचतंय ते कुणाला दिसत नाही. गट काढला तर सगळ्यांना सगळे दिसतात. मी गट काढला. आणि ज्यांना मोबाइलमधलं कळत नाही पण मार्गिलान कळतं, त्यांना माझी दुसरी चूक दिसेल. आमच्याकडे दिवस गेले हे पोट बोलेपर्यंत कुणी बोलत नाही. नजर लागते. सख्खी बहीण विचारायला आली तरी 'जरा पित्त झालंय' असं सांगतात. आणि मी त्या तीनशे बारा घरांची नावं, नंबरांसकट, चव्हाट्यावर मांडून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आकडा तीनशे साठ झाला. तिसऱ्या दिवशी चारशे. यातल्या एकीलाही मी बोलावलं नव्हतं. मी फुलून गेलो. हनिफालाही पहिल्यांदा बरं वाटलं. तिने एका चादरीचं छायाचित्र टाकलं. त्यावर एकीनेही किंमत विचारली नाही. "सगळ्या नुसत्या बघतायत," ती म्हणाली. "बघू देत, निष्ठा आधी डोळ्यांत येते," मी म्हणालो. हे माझं स्वतःचं वाक्य होतं.

त्या काय बघत होत्या, ते गुरुवारी कळलं. मोहल्ल्याच्या दवाखान्यातली परिचारिका मुक्कद्दस बगलेत जाडजूड वही घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली. गरोदर बायकांची नोंद घरोघर जाऊन घेणं हे तिचं काम. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मास्तर, माझ्या वहीत नऊ आहेत," ती म्हणाली. "नऊ! आणि तुमच्याकडे तीनशे बारा. वरून विचारणा झालीय, एवढ्या गरोदर बायका तुमच्या नजरेतून सुटल्या कशा? मी काय सांगू त्यांना?"

"अगं, पण त्या गरोदर नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने मग हट्टच धरला, की तीनशे बारा जणींच्या मुलींपैकी कुणी गरोदर नाही असं सहीनिशी लिहून द्या. मी म्हटलं, बाई, परक्यांच्या लेकींबद्दल असलं मी कसं लिहून देऊ, त्यांचे नवरे मला झोडपतील. शेवटी मी माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं: 'खाली सही करणाऱ्यास सदर महिलांच्या मुलींच्या प्रकृतीविषयी काहीही माहिती नाही.' त्यावर मोहल्ला समितीचा शिक्का हवा. समितीचे अध्यक्ष कागद उन्हात धरून दोनदा वाचून म्हणाले, "माहिती नाही, तर यादी कशाची केलीत? आणि माहिती आहे, तर हे खोटं कशाला लिहिताय? दोन्हींपैकी एक ठरवा, मग शिक्का मारतो." मी तिथून निघालो तेव्हा बाकावर बसलेले दोन म्हातारे मला जागा देण्यासाठी न सरकता तसेच बसून राहिले. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं.

परत येताना शोकिर न्हाव्याकडून सगळा उलगडा झाला. नंतर आलेल्या बायका मुलांच्या आया होत्या. आपली विहीण यादीत आहे का, हे बघायला प्रत्येक सासू गटात शिरत होती. विहीण सापडली की घरी जाऊन सुनेकडे नव्या नजरेने बघत होती. गट वाढत होता तो यामुळे. एका घरात तर, सासूला नाही पण सुनेच्या आईला आधी कळलं म्हणून तीन दिवस चूल धुमसत होती.

आणि आमच्या भिंतीला भिंत लागून खोसियत आपांचं घर.

खोसियत आपांची सून ओयदिन. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. पहाटे तिच्या झाडूचा आवाज आला की मी उठायचो. आमच्याकडे सून पहाटे उठून अंगणापासून रस्त्यापर्यंत झाडते, आणि सगळा मोहल्ला तो आवाज ऐकून ती कशी आहे ते ठरवतो. ओयदिनचा झाडू कधी चुकला नाही. खोसियत आपांचा आवाजही कधी चुकला नाही. "कोपऱ्यात कोण झाडणार, तुझी आई?" हे मी चार वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होतो. ओयदिनची आई रिसोलत, ती क्वा नावाच्या गावी राहते. माझ्या यादीत ती एकशे सत्याऐंशीवी.

शुक्रवारी पहाटे झाडूचा आवाज वेगळा आला. थांबून थांबून, मध्ये कण्हणं. मी शिडीवर चढून पाहिलं. खोसियत आपा स्वतः झाडत होत्या! ओयदिन ओसरीवरच्या गादीवर बसली होती आणि तिच्या हातात दुधाचा वाडगा होता. तिचा चेहरा मात्र कुणीतरी डांबून ठेवलेल्या माणसाचा होता.

"आई, मी खरंच सांगते, तसं काही नाही," ती म्हणत होती.

"बरोबर आहे, नाहीच म्हणायचं असतं," आपा प्रेमाने म्हणाल्या. "दूध पी."

मी शिडीवरून खाली आलो ते दोन पायऱ्या चुकवूनच. हनिफाला सगळं सांगितलं. ती शिवत होती. तिने सुई थांबवली, मग पुन्हा चालू केली. मला ओरडा खायची सवय आहे. हे नुसतं शिवत बसणं मला झेपेना.

"आता गट मोडला तर?" मी विचारलं.

"तर सगळे म्हणतील, खरं होतं म्हणून लपवलं," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मलाच माहीत. आकडा रोज वर जात होता आणि रोज माझी भूक कमी होत होती. भिंतीपलीकडून अक्रोड फोडल्याचे आवाज यायचे. सोमवारी आपांनी बादली उचलू दिली नाही. बुधवारी त्यांनी मोहल्ल्यातल्या बायकांना तोंडभरून सांगितलं, की अंगण झाडल्याने म्हाताऱ्या कंबरेला व्यायाम होतो. बायका समजायचं ते समजल्या. गुरुवारी आकडा पाचशे सहा झाला. पाचशे सहा! हनिफाने ताश्कंदला कळवलं. तिकडच्या बाईंनी उत्तर पाठवलं, की शनिवारी दुपारी बारा वाजता आम्ही गट तपासू. हनिफाने ते मला वाचून दाखवलं, पण तिच्या आवाजात आनंद नव्हता.

शुक्रवारी दुपारी ओयदिन आमच्याकडे आली. हातात आमचंच ताट होतं, मागे हनिफाने समोसे पाठवलेलं. रिकामं ताट परत करत नाहीत, म्हणून त्यात अक्रोड होते, तिच्याच वाट्याचे. ती दारातच उभी राहिली.

"मास्तर, उद्या दहा वाजता सासूबाईंनी माझ्या आईला बोलावलंय," ती म्हणाली. "मोहल्ल्यातल्या वीस बायकाही येणार आहेत. सगळ्यांसमोर तिच्या तोंडून काढून घ्यायचंय त्यांना, आमच्यापासून का लपवलं म्हणून. माझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला तो गटसुद्धा उघडता येत नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मला आधी बोलू द्या. चार वर्षांत मला त्या घरात कुणी 'बस' म्हटलं नव्हतं. आता आठ दिवस मी बसतेय, दूध पितेय आणि खोटं बोलत नसून खोटी ठरणार आहे. तुम्ही सांगा त्यांना. पण असं सांगा, की मी फसवलं असं कुणी म्हणता कामा नये. नाहीतर मला क्वाला परत जावं लागेल." तिने ताट हनिफाच्या हातात दिलं आणि डोळे पुसायच्या आधीच वळली.

मी रात्रभर हिशेब केला असं लिहिणार होतो, पण खरं म्हणजे मी झोपलो. सकाळी मात्र हिशेब केला. दहाला बायका, बाराला ताश्कंद. मध्ये दोन तास. आमच्याकडे दहाची बाई साडेअकराला येते. चहा, नान, हालहवाल विचारणं यातच बारा वाजतील. मी बारा वाजून पाच मिनिटांनी कबुली दिली तर दोन्ही गोष्टी साधतील. मी हे हनिफाला नीट समजावलं, वेळेची रेष काढूनसुद्धा दाखवली.

"आणि त्या लवकर आल्या तर?" तिने विचारलं.

साडेनऊला गाडीचा दरवाजा वाजला. रिसोलत क्वाहून आली होती, अर्धा तास आधी. हातात डाळिंबांची टोपली, तोंडभर हसू. मागोमाग मोहल्ल्याच्या बायका, त्याही लवकर. असल्या कार्यक्रमाला कुणी उशीर करत नाही, हे मला कळायला हवं होतं. भिंतीपलीकडे गाद्या आपटून घातल्याचा आवाज आला. मग खोसियत आपांचा आवाज, गोड, जरा जास्तच गोड: "या विहीणबाई, या. तुमच्या पोटात बरंच काही राहतं म्हणे."

हनिफाने शिवण बाजूला ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पुष्कळ परीक्षा घेतल्या, पण अशी कधी दिली नव्हती.

मी मोबाइल काढला. उभ्याउभ्याच लिहिलं: 'गटातील सर्व भगिनींना कळवण्यात येते, की ही यादी माझ्या लग्नांच्या वह्यांवरून मी एकट्याने, कुणालाही न विचारता केली आहे. यातल्या कुणाच्याही घरातली कोणतीही बातमी मला माहीत नव्हती आणि नाही. कुणी काही लपवलेलं नाही. विशेषतः क्वाच्या रिसोलत यांना मी आत घेतल्याचं आजही ठाऊक नाही. ज्या लेकींकडे आपण या यादीमुळे वेगळ्या नजरेने पाहिलं, त्यांचा काही दोष नाही. दोष माझा आहे. तोलिब, निवृत्त शिक्षक.' आणि पाठवलं.

भिंतीपलीकडे वीस मोबाइल एकदम वाजले.

मग आकडा उतरायला लागला. पाचशे सहा, चारशे नव्वद, चारशे बारा. हनिफा माझ्या खांद्यावरून बघत होती. कुणी जाताना मला गाढव म्हणून गेली, कुणी तेवढंही बोलली नाही. तीनशे. एकशे साठ. मी म्हणालो, "हनिफा, चूक झाली माझी." ती म्हणाली, "हो."

अकरा वाजता आमचं दार ढकललं गेलं. खोसियत आपा आत आल्या, मागे रिसोलत, तिच्या मागे मान खाली घालून ओयदिन. मी उभा राहिलो. पळायला जागा नव्हती, शिडीसुद्धा पलीकडच्या कोपऱ्यात.

"मास्तर," आपा म्हणाल्या, "नऊ दिवस मी अंगण झाडलं. सगळ्या मोहल्ल्याने बघितलं. आता कोणत्या तोंडाने झाडू हिच्या हातात परत देऊ?"

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"माफी ठेवा तुमच्या वहीत. चार वर्षं बायका माझ्या दारावरून जाताना आवाज खाली करतात. मयताच्या घरावरून गेल्यासारखं. नऊ दिवस मोठ्याने बोलत होत्या. मला बरं वाटत होतं, कळलं? आणि ही कार्टी रोज सांगत होती, नाही म्हणून. रोज. खोटं बोलली असती तर मला आज शिव्या तरी घालता आल्या असत्या." त्यांनी ओयदिनकडे न बघताच आमच्या गादीवर थाप मारली. "उभी काय राहिलीस? बस."

ओयदिन बसली. आता बसायला काही कारण नव्हतं, तरी बसली. रिसोलतला अजून नीट कळलं नव्हतं, पण ती लेकीला टेकून बसली.

"किती उरल्या?" आपांनी विचारलं.

"एक्केचाळीस," हनिफा म्हणाली.

"मी मघाशी रागाने गटातून निघाले. परत कसं यायचं ते दाखव." मी मदतीला हात पुढे केला. "तुम्ही नाही!" आपा आणि हनिफा एकदम ओरडल्या. आपांनी चष्मा नाकावर चढवला. "बायकांना माझं नाव दिसेल ना?"

"सगळ्यांना दिसेल, आपा."

"दिसू दे. विचारलं तर सांग, खोसियत वाट बघतेय. वाट बघणाऱ्या चालतात ना तुझ्या गटात?"

हनिफाने मान डोलावली. आपांनी स्वतःच्या बोटाने दाबलं, दोनदा चुकीचं, तिसऱ्यांदा बरोबर. बेचाळीस. मग रिसोलतने टोपलीतून आपला मोबाइल काढला. मी बाकी कुणाला नाही तरी तिला बाहेर काढलं होतं, मघाशी, घाबरून. "मलाही," ती म्हणाली, "पण यावेळी मला विचारून." त्रेचाळीस. दोघी विहिणींची नावं यादीत एकाखाली एक आली. ओयदिनने ती वाचली आणि अक्रोड फोडायला घेतले, आमच्या ताटातले.

बाराला पाच कमी होते. हनिफाने मोबाइल घेतला आणि ताश्कंदला लिहायला बसली.

"थोडं थांब," मी म्हणालो. "संध्याकाळपर्यंत आणखी येतील. निदान साठ म्हण."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, त्रेचाळीस लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि पाठवून टाकलं.